विचारा, सांगते : न बोलता गोष्ट कशी लिहावी

गेल्या अंकात आमच्या शाळेतल्या मुलांनी मोबाइलवर केलेल्या मूकपटाबद्दल मी थोडं लिहिलं होतं. ऐकू न येणाऱ्या मुलांची ही निवासी शाळा वर्धा जिल्ह्यात आहे. शाळेच्या तिन्ही बाजूंनी कपाशीची वावरं आणि चौथ्या बाजूला एसटीचा रस्ता. मी इथे भाषा शिकवते आणि हिवाळ्यात मोठ्या वर्गातल्या मुलांबरोबर एखादी छोटी पटकथा लिहिते. त्या लेखानंतर आलेली बहुतेक पत्रं मूकपटाच्या पटकथेबद्दलच आहेत, म्हणून या वेळचं सदर सगळं त्यालाच देते. काहींनी नाव छापू नका असं कळवलंय, म्हणून कुणाचंच छापत नाही.

प्रश्न : ताई, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आर्णी तालुक्यातल्या गावात राहते. दहा मिनिटांचा मूकपट लिहून रायली. माझ्या बाबांनी बैल विकला त्याची गोष्ट आहे. बावीस पानं झाली. मैत्रिणीनं वाचलं अन् रडली, पण मग म्हणाली, “हे दिसन कसं?” बाबा म्हणते, “बिनबोलाचा शिनेमा पाह्यते कोण?” मूकपट लिहायचं शिकायचं तरी कुठून? सोबत पटकथा पाठवत आहे.

उत्तर : तुझी पटकथा पूर्ण वाचली. मैत्रीण रडली हे खरं आणि तिचा प्रश्नही खरा. तिसऱ्या प्रसंगात तू लिहिलंयस : “बाबा गोठ्यात येतात. त्यांना आठवतं, हा बैल आजोबांनी घेतला होता. त्यांचं मन भरून येतं. उद्या बाजार. आईला कसं सांगावं हा विचार त्यांना खात असतो.” आता तुझा चुलतभाऊ मोबाइल घेऊन गोठ्यात उभा आहे असं समज. यातलं त्याला काय टिपता येईल? बाबा गोठ्यात येतात, एवढंच. आठवणं, मन भरणं, विचार खाणं हे सगळं कथेत चालतं, कारण कथेत लेखक वाचकाच्या कानाशी असतो. पटकथेत तो तिथे नसतो. म्हणून पहिलं काम हे कर : लाल पेन घे आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मार. रेघ नसलेलं जे उरेल, ती तुझी आजची पटकथा. बावीस पानांची चार होतील. होऊ दे.

यानंतर एक मोह होतो, तो आधीच सांगून ठेवते. आठवणं दाखवता येत नाही म्हणून बाबांना आभाळाकडे बघायला लावायचं, कपाळाला हात लावायला लावायचा, डोळे पुसायला लावायचे. त्याने दुःख दिसतं, पण कशाचं ते दिसत नाही. असा शॉट लागला की आमची मुलं लगेच हातांनी विचारतात, “याचं पोट दुखतंय का?” त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. कपाळाला लावलेल्या हातात बैल कुठेच नाही.

मग काय लिहायचं? त्या संध्याकाळी घरात कुणाला काय ठाऊक आहे ते आधी कागदाच्या कडेला लिहून काढ. बैल जाणार हे बाबांना ठाऊक आहे. आईला नाही, तुला नाही, बैलाला तर नाहीच. तुझा प्रसंग या फरकात आहे. ज्याला कळलंय तो आणि ज्याला कळलेलं नाही तो, दोघांना एका चौकटीत आण आणि त्यांच्यामध्ये एखादी वस्तू ठेव. मी तुझाच प्रसंग असा लिहून पाहिला :

गोठा. संध्याकाळ.
बाबा बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ सोडतात.
माळ पोत्यात घालतात.
आई ढेपीचं (सरकीच्या पेंडीचं) घमेलं घेऊन येते.
बाबा पोतं पायाने मागे सारतात.
आई घमेलं ठेवते. बैलाच्या मानेवरून हात फिरवते.
माळ असते त्या जागी तिचा हात थांबतो.
ती बाबांकडे बघत नाही. घरात जाते.
आणखी ढेप घेऊन येते.

बाबांना वाटतं, आईला कळलं नाही. आपल्याला दिसलं, की कळलं. कुणी रडलं नाही. पुढच्या प्रसंगात बाबा आईला सांगतात आणि ती पदर तोंडाला लावते असं तू दीड पान लिहिलंयस, त्याची आता गरजच उरत नाही. ढेपीचं दुसरं घमेलं ते सगळं सांगून गेलं.

पाचव्या प्रसंगाबद्दल मात्र तुझ्याशी भांडायचंय. बैलबाजारात व्यापारी आणि बाबा समोरासमोर भाव करतात आणि तू पाटी, म्हणजे पडद्यावर मधेच वाचायला येणारी लिखित ओळ, घातलीस, “पस्तीस हजार देतो.” अगं, तू गावातली मुलगी. बैलांचा भाव दुपट्ट्याखाली होताना तू पाहिला असशील. दोन हात कापडाखाली जातात, बोटं धरली जातात, सोडली जातात, पुन्हा धरली जातात. वर दोघांचे चेहरे तिसरीकडेच बघत असतात. आजूबाजूच्या माणसांना भाव कळू नये म्हणूनच तर ही रीत. मूकपटाला याहून चांगला संवाद कुठे मिळणार? आणि तो तुझ्या दारात आहे. तो दुपट्टा तसाच राहू दे. आत काय ठरलं ते आपल्याला कळू देऊ नकोस, बघणाऱ्याला ते हवंहवंसं वाटू दे. पहिल्या पानावर आई पायातली झिजलेली जोडवी बोटाने फिरवत बसते असं तू लिहिलंयस. छान लिहिलंयस. आता बाबा बाजारातून निघून सोनाराच्या दुकानात जातील, जोडवी हातात घेतील, नोटा मोजतील, थोड्या बाजूला काढतील, पुन्हा एकत्र करतील आणि जोडवी काचेवर परत ठेवतील. भाव किती आला ते प्रेक्षकाला आकड्याशिवाय कळेल.

शिकायचं कुठून, हे विचारलंस. आठवडी बाजारात जा आणि बोलणं ऐकू येणार नाही इतक्या लांब उभी राहा. दोन माणसं निवड. कुणाला काहीतरी हवंय आणि कुणी ते देत नाहीये, अशी जोडी बाजारात लगेच सापडते. त्यांनी काय केलं तेवढंच लिही, “रागाने”, “प्रेमाने” असे शब्द न वापरता. घरी येऊन ते लिहिलेलं आईला वाचून दाखव आणि विचार, “यांचं काय चाललं होतं?” तिने बरोबर सांगितलं तर तुझं लिहिणं जमलं. चुकीचं सांगितलं तर कोणत्या ओळीपाशी तिचा समज फिरला ते शोध. बँकेत पासबुकाच्या रांगेत, दवाखान्याच्या व्हरांड्यात, दूध डेअरीवर हेच कर. मला ही सवय मुलांमुळे लागली. खोलीत कोण कुणाशी अबोला धरून बसलंय हे त्यांना आत शिरल्या शिरल्या दिसतं.

एक जुना जर्मन मूकपट मिळाला तर जरूर बघ, ‘द लास्ट लाफ’, १९२४चा. दिग्दर्शक मुर्नाव, पटकथा कार्ल मायर यांची. मोठ्या हॉटेलच्या दारावर उभा राहणारा एक म्हातारा दरबान. त्याच्या अंगावर भरजरी पट्ट्यांचा रुबाबदार कोट. त्या कोटामुळे चाळीतली माणसं त्याला मान देतात. म्हातारपणामुळे त्याला दारावरून काढून खाली प्रसाधनगृहात नेमतात आणि कोट काढून घेतात. लग्नाच्या घरी ही गोष्ट कळू नये म्हणून तो कोट चोरून आणतो. पाट्या या चित्रपटात जवळजवळ नाहीतच, आणि त्यांची उणीव भासत नाही, कारण कोट अंगावर आहे की नाही एवढं बघितलं की सगळं कळतं. मायर पटकथा छोट्या तुटक ओळींत लिहीत. एक ओळ, मग पुढची. तुलाही मी तसंच सुचवते.

आणि बाबांना सांग : बोलपट यायच्या आधी, १९२५ साली, बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ नावाचा मूकपट काढला होता. नारायण हरी आपट्यांची गोष्ट, सावकारापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची. तो तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. कास्तकाराचं दुःख या देशात आधी बिनबोलानंच पडद्यावर आलं होतं.

प्रश्न : मी मोर्शीचा निवृत्त शिक्षक. फाळक्यांच्या काळी पटकथा म्हणून काही लिहीत असत काय? मला वाटते, कॅमेरा लावून प्रसंग उभा केला की काम भागत असावे.

उत्तर : गुरुजी, इतकं सोपं त्यांना परवडलंच नसतं. ‘राजा हरिश्चंद्र’ची पटकथा स्वतः फाळक्यांनी लिहिली. फिल्म परदेशातून आणायची आणि पैसा कर्जाचा. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं बसतात. हाताने फिरवण्याच्या कॅमेऱ्यावर सेकंदाला साधारण १६ चित्रं धरली, तर सेकंदाला एक फूट फिल्म खर्च होते. हजार फुटांचं एक रीळ साडेसोळा-पावणेसतरा मिनिटांत संपतं. ‘हरिश्चंद्र’ सुमारे ३७०० फुटांचा. कोणता प्रसंग किती फुटांत उरकायचा हे ठरवल्याशिवाय अशा कामाला कोण हात घालेल?

त्याही आधीची एक गोष्ट मुलांना सांगायला मला फार आवडते. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ दिवसांमागून दिवस थोडी थोडी टिपली. पडद्यावर अंकुर फुटून वर येताना दिसला. एकही माणूस नाही, पाटी नाही, आणि तरी पुढे काय होतंय ते बघावंसं वाटतं.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये लोकांसाठी लागला. कथा निवडताना फाळक्यांनी केवढं काम वाचवलं ते बघा. हरिश्चंद्र कोण, विश्वामित्र का रागावला, तारामती कुणाची कोण, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक होतं. म्हणून पडद्याला सगळं समजावत बसावं लागलं नाही. आज आपण आपल्या गावची नवी गोष्ट लिहितो तेव्हा हे भांडवल आपल्याकडे नसतं. नातं काय, घर कुणाचं, कशाची ओढ आहे, हे पहिल्या दोन मिनिटांत कृतीतून उभं करावं लागतं. नवशिक्यांच्या पटकथा तिथेच अडतात. त्यांना वाटतं, ही सासू आणि ही सून हे दिसतंच आहे. दिसत काहीच नाही. दोन बायका दिसतात. कोण आधी जेवायला बसतं, कपाटाची किल्ली कुणाच्या कमरेला आहे, हे दिसलं की नातं दिसतं.

प्रश्न : दहा मिनिटांत पाट्या किती असाव्यात? आणि पाट्या वऱ्हाडीत लिहाव्या की पुस्तकी भाषेत? (दारव्हा)

उत्तर : आधी एकही पाटी न घालता शेवटापर्यंत लिहा. मग ज्याला गोष्ट ठाऊक नाही अशा माणसाला वाचून दाखवा. तो अडखळेल तिथेच पाटी घाला.

“तीन महिन्यांनंतर” ही पाटी विदर्भात तरी मी कुणाला घालू देणार नाही. सरीत उगवलेली दोन पानांची कपाशी दाखवा, पुढच्या शॉटमध्ये वेचणीच्या आधीची सीतादहीची पूजा दाखवा, आणि मग पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचे, भारे. सगळं वर्ष सरलं. ज्याने कधी वावर पाहिलेलं नाही त्यालाही वेळ गेला एवढं समजतं.

भाषेबद्दल माझं मत पक्कं आहे. पाटी जर कुणाच्या तोंडचं वाक्य असेल तर ती त्या माणसाच्याच बोलीत हवी. कास्तकाराच्या तोंडी “मला नको सांगूस” आलं की तो माणूस तिथल्या तिथे परका होतो. “मले नोको सांगू” लिहा. मात्र सात-आठ शब्दांच्या वर जाऊ नका. पाटी पडद्यावर किती वेळ राहावी यासाठी मी एक माप वापरते : वर्गातल्या सगळ्यात सावकाश वाचणाऱ्या मुलाला ती दोनदा वाचता आली पाहिजे.

आपण आत्ताच पाहिलेलं पुन्हा सांगणारी पाटी काढून टाका. चांगली पाटी चित्राला छेद देते. तुम्ही पाठवलेल्या गोष्टीत आई पुण्यात शिकणाऱ्या मुलाशी फोनवर बोलते. तिथे पाटी घाला, “इकडं सारं बराबर हाये,” आणि त्या आधी आणि नंतर रिकामा खुंटा दाखवा. ती काय लपवते आहे ते खुंट्याने सांगितलं आणि कुणापासून लपवते आहे ते पाटीने. अशी एक पाटी असली तर बाकीच्या लागत नाहीत.

मोबाइलच्या पडद्यावरचा बँकेचा मेसेज, तलाठ्याचा कागद, भिंतीवरचं कॅलेंडर यांनाही मी पाटीच समजते. वाचायला लावणारं काहीही असो, ते मोजा. हल्लीच्या मूकपटांत जो तो मोबाइल दाखवून मोकळा होतो आणि माणसाचा चेहरा राहून जातो, याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न : मी वडसाकडचा. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकात काम करतो. यंदा एका पोराने मला मूकपटात घेतलं आणि सारखा म्हणतो, “भाऊ, कमी करा.” बोलणंच नाही तर हातवारे जास्त नकोत का? आणि लेखकाने नटासाठी कागदावर नेमकं काय लिहावं?

उत्तर : भाऊ, तुमच्या कलेबद्दल मला फार आदर आहे. दिवाळीनंतर गावोगावी शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री मंडपात नाटक. पहाटेपर्यंत थंडीत घोंगडी पांघरून बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत तुम्हाला पोचायचं असतं. त्याच्यासाठी हात खांद्यापासून उचलावा लागतो. मोबाइल तुमच्यापासून हातभर अंतरावर असतो. तो पोरगा एवढंच सांगतोय.

पण चूक लेखकाचीही असू शकते. पटकथेत “तो रागावतो” एवढंच असेल तर नट बिचारा दुसरं काय करणार? भुवया चढवेल, मुठी वळेल. लेखकाने त्याला काम द्यायला हवं. “ताटातली भाकर तो दुमडतो आणि पुन्हा टोपलीत ठेवतो.” हे वाचल्यावर तुम्हाला कुणी कमी करा म्हणणार नाही, कारण यात जास्त करण्यासारखं काही नाहीच.

अंतरसुद्धा लेखकच ठरवतो आणि त्यासाठी कॅमेऱ्याची भाषा लिहावी लागत नाही. मी “अंगठ्याचं नख” लिहिलं तर कॅमेऱ्याला जवळ जावंच लागतं. “धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) एक माणूस चालत येतो” लिहिलं तर तो लांब उभा राहतो, आणि तिथे तुमची चाल कामाला येते. दंडारीत, म्हणजे तुमच्याकडच्या लोकनाट्यात, घोटलेलं शरीर लांबच्या शॉटमध्ये जे सांगतं ते शहरातल्या नटांना सहजी जमत नाही. तुमच्यासाठी लिहिताना मी असे लांबचे शॉट मुद्दाम जास्त ठेवले असते.

हातवाऱ्यांना कारण असेल तर ते खुशाल करा. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, यंत्रांच्या आवाजात माणसं हातांनीच बोलतात. बँकेच्या काचेमागे, नदीच्या दोन काठांवर, भजन चालू असताना देवळात, झोपलेल्या लेकराच्या उशाशी माणसाला खुणा कराव्याच लागतात. प्रसंग अशा जागी नेला की नटाची अडचण आपोआप संपते. दोन माणसं ओसरीवर शेजारी शेजारी बसलीत, कुणी अडवलेलं नाही, आणि तरी खुणा करतात, हे मात्र कुणालाच खरं वाटत नाही.

प्रश्न : आम्ही पुसदच्या कॉलेजातले तिघं मिळून लिहितो. मूकपटात संगीत चालतं का? आमच्या गोष्टीत एक आवाज फार महत्त्वाचा आहे. बोअरला पाणी लागतं तो आवाज. तो काढला तर गोष्टच जाते.

उत्तर : संगीत चालतं. जुन्या काळीही थिएटर मुकं नसायचं. पडद्यापाशी पेटी-तबला वाजायचा. पण लिहिताना संगीत विसरा. पेटीच्या भरवशावर लिहिलेला प्रसंग पेटी थांबली की पडतो.

तुमचा आवाज काढायची काहीच गरज नाही. आवाज लिहू नका, त्याने काय केलं ते लिहा. आमच्या शाळेच्या टिनांवर कबुतरं बसतात. ती एकदम उडाली की मुलं दप्तरं उचलतात, कारण फाट्यावर एसटी आली. हॉर्न त्यांना ऐकू येत नाही, पण कबुतरांना येतो. ट्रॅक्टर आला की वर्गातल्या फरशीवरून त्यांच्या तळपायांना कळतं. तुमच्या गोष्टीत बोअरची गाडी चालू आहे, म्हातारी लांब बाजेवर पाठ करून बसली आहे, तिच्याजवळ पाण्याचा गडवा आहे. गडव्यातलं पाणी थरथरतं. मग थरथर थांबते. कुत्रा उठतो. म्हातारी मान वळवते. पाणी लागलं की बोअर कोरडी गेली, हे अजून कुणालाच माहीत नाही. एवढा ताण ध्वनिफितीने आला नसता.

याचं मोठं उदाहरण चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’. १९३१ साली, म्हणजे ज्या वर्षी १४ मार्चला आपल्याकडचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ लागला त्याच वर्षी, चॅप्लिनने न बोलणारा चित्रपट आणला. त्यात आंधळ्या फूलवालीला हा फाटका माणूस श्रीमंत वाटायला हवा होता. बोलल्याशिवाय हे कसं दाखवणार? पोलिसाला चुकवायला तो थांबलेल्या मोटारीच्या एका दारातून शिरून दुसऱ्या दाराने तिच्यासमोर उतरतो. दार लावल्याचं ऐकून ती फूल पुढे करते. तो पैसे देतो. ती सुटे आणायला वळते तोवर मोटारीचा खरा मालक बसतो आणि मोटार निघून जाते. तिला वाटतं, साहेब सुटे न घेताच गेले. तो तिथेच उभा असतो आणि आवाज न करता बाजूला होतो. आवाजावर उभा असलेला हा प्रसंग आमच्या मुलांना पहिल्यांदा बघतानाच कळला. तो मनासारखा होईपर्यंत चॅप्लिनने पुन्हा पुन्हा चित्रित केला होता. कुणाला काय कळलंय आणि कुणाला काय नाही, याचा हिशेब इतका चोख दुसरीकडे मी पाहिलेला नाही. तुम्ही तिघं तो प्रसंग बघा आणि बघून झाल्यावर ओळीओळीने कागदावर उतरवून काढा.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला ऐकू येत नाही. माझ्या दिरांना तिच्यावर मूकपट करायचा आहे. ते म्हणतात, मुकीची गोष्ट मूकपटातच शोभते. मला ते बरं वाटत नाही, पण का, ते नीट सांगता येत नाही. (हिंगणघाट तालुका)

उत्तर : ताई, तुम्हाला जे वाटतंय ते बरोबर आहे. तुमच्या दिरांचा हेतू चांगला असेल, पण त्यांनी मुलीला मुकी धरलं आहे. तिच्या हातांत भाषा आहे. त्या भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. तीत भांडता येतं, कोडी घालता येतात, खोटंही बोलता येतं. मूकपटातली बाकीची माणसं न बोलणारी आणि ही एकटी बोलणारी, असा प्रकार होईल. तिची खूण ज्यांना येत नाही त्यांना तिथे पाटी लागेल, जशी इतर कुणाच्या बोलण्याला लागते. तिच्या बोलण्याला पाटीच न देता तिला नुसते डोळे मोठे करायला लावलं, तर तिच्यावर अन्याय होईल.

दिरांना एक गोष्ट सांगा. मूकपटाच्या काळात ऐकू न येणारा प्रेक्षक इतरांच्या शेजारी बसून तोच चित्रपट तितकाच समजून घेत होता. बोलपट आले आणि ते दार त्यांना बंद झालं. चॅप्लिनचा एक मित्र होता, ग्रॅनव्हिल रेडमंड, ऐकू न येणारा चित्रकार. चॅप्लिनने त्याला आपल्या स्टुडिओत चित्रं काढायला जागा दिली आणि आपल्या चित्रपटांत छोटी कामंही दिली. वर सांगितलेल्या ‘सिटी लाइट्स’मधला शिल्पकार म्हणजे तोच.

तुमच्या मुलीची गोष्ट करायचीच असेल तर तिच्या बिचारेपणाची नको. घरात सगळ्यांच्या आधी तिला काय दिसतं, याची करा. नऊ वर्षांच्या मुलीला आजीचं औषध संपलेलं दिसतं, काकांनी खिशात काय लपवलं ते दिसतं, दोन दिवसांपासून आई कमी जेवते ते दिसतं. तिला दिसलंय आणि ऐकू येणाऱ्या मोठ्यांना दिसलेलं नाही, ही मूकपटाची खरी जागा आहे. लिहायला तिला शेजारी बसवा. प्रत्येक ओळ तिला करून दाखवा. तिला जी ओळ कळणार नाही ती काढून टाका. आणि ती नको म्हणाली तर मूकपट करू नका.

प्रश्न : कागदावर मांडणी कशी करायची? दहा मिनिटांना किती पानं? आणि चित्रीकरण कधी सुरू करावं? (अनेकांनी विचारलं आहे.)

उत्तर : वर जागा आणि वेळ : “विहीर. सकाळ.” खाली वर्तमानकाळात छोट्या ओळी. नवीन काही दिसायचं असेल तर नवीन ओळ. पाटी मधोमध, चौकटीत. बस. संवादी पटकथेत एका पानाला एक मिनिट धरतात, ते माप इथे लागू पडत नाही. “ती भाकरी थापते” ही एक ओळ अर्ध्या मिनिटाची असू शकते. म्हणून पानं मोजू नका. घड्याळ लावून अंगणात करून पाहा.

चित्रीकरण पटकथा पक्की झाल्यावरच करा, पण वावर तुमच्यासाठी थांबत नाही हे लक्षात ठेवा. आर्णीच्या मुलीच्या गोष्टीत शेवटी बाबा एका बैलानिशी फुटलेल्या कपाशीतून जातात. गोठ्याचे, सोनाराचे, बाजाराचे शॉट उन्हाळ्यातही मिळतील. पऱ्हाटी उपटून भारे बांधले की उभ्या कपाशीसाठी पुढच्या दसऱ्यापर्यंत थांबावं लागेल. म्हणून, आर्णीच्या पोरी, शेवटचा प्रसंग सगळ्यात आधी पक्का कर आणि तो याच महिन्यात टिपून घे.